सगळ्यांनी पाहिलेलं अस्वल

...आणि वर मलाच म्हणतात, ‘हलू नका, आबा!’ अहो, हलू नका म्हणजे माणसानं किती हलू नये? श्वास घ्यायचा का नाही? पापणी? नाकावर माशी बसली तर? तुम्हाला सांगतो, सव्वीस रविवार... मोजून सव्वीस रविवार मी आमच्या घराच्या स्लॅबवर टीव्हीच्या अँटेनाची दांडी धरून उभा आहे, आणि खाली सगळी वस्ती पोट धरून हसतेय, आणि कशाला हसतेय तर एका अस्वलाला, आणि ते अस्वल म्हणे हुबेहूब माझ्यासारखं आहे, आणि ते सगळ्यांनी पाहिलंय... एकट्या मला सोडून!

मी तसा बोलणारा माणूस नाही हो. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून गरजेपुरतंच बोलतो, तेही सावकाश. आमची रंगुबाई, म्हणजे मंडळी, ती सगळ्यांना सांगते, ‘ह्यांच्या दोन शब्दांच्या मधी माझी एक भाकरी भाजून होती.’ होत असेल. पण वर स्लॅबवर तेवढंही बोलायची बंदी! मी तोंड उघडलं की खाली चित्राला मुंग्या येतात. मग सव्वीस रविवारचं तुंबलेलं आज तुमच्यापुढं फुटतंय, त्याला मी काय करू?

झालं असं. बावड्याच्या अलीकडं आमची वस्ती. थोरला मुलगा बुद्धघोष बारामतीला बँकेत आहे, त्यानं जानेवारीत टीव्ही आणला. ब्लॅक अँड व्हाइट, पण नवा. वस्तीत आधी दोन होते, त्यातला एक बंद होता आणि दुसऱ्याच्या मालकाचा दरवाजा बंद होता. त्यामुळं पहिल्याच रविवारी नऊच्या ठोक्याला वीसएक पोरं आमच्या सोप्यात येऊन बसली. का, तर रानातल्या जनावरांचं कार्टून! आता हे कार्टून मी तुम्हाला सांगतो ते सगळं ऐकीव आहे बरं का. रानातला ओढा आटतो आणि सगळी जनावरं पाणी शोधायला निघतात. ससा आहे, कोल्हा आहे, साळिंदर आहे, एक घुबड आहे ते मास्तर आहे. आणि सगळ्यांच्या मागं, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत चालणारं एक म्हातारं अस्वल आहे... झबरूबाबा.

तर नऊ वाजले, टीव्ही लावला, आणि पडद्यावर नुसता भुरभुर पाऊस. बुद्धघोष म्हणाला, ‘आबा, जरा वर जाऊन अँटेना फिरवा.’ जरा! त्या ‘जरा’ला आता सहा महिने झाले. मी शिडीनं वर गेलो, दांडी धरली, विचारलं,

‘आलं का?’

‘आलं!’ माझी नात मेघना, नऊ वर्षांची, पण आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा.

आलं म्हटल्यावर मी दांडी सोडली. ‘गेलं!’ परत धरली. ‘आलं!’ सोडली. ‘गेलं!’ आणि मग खालून वीस पोरांनी एका दमात जे म्हटलं, ते माझ्या कपाळी कायमचं लिहिलं गेलं... ‘आलं! हलू नका, आबा!’

बुद्धघोष शिकलेला. तो म्हणाला, ‘आबा, तुमचं शरीर सिग्नल ओढतंय.’ सहासष्ट वर्षांचा झालो, आजवर घराकडं साधा भाजीवाला ओढून आणला नाही मी, आणि सिग्नल ओढतोय! बरं, पायात चपला घातल्या की चित्र जातं. म्हणजे अनवाणी. जानेवारीत ठीक होतं हो, पण मे महिन्यात? स्लॅबवर? रंगुबाईला दया आली, तिनं पायाखाली ओलं पोतं टाकलं. तर खालून बोंब... ‘आजी, लई भारी! आता सशाच्या मिशा पण दिसत्यात!’ झालं. त्या दिवसापासून शनिवारी पोतं भिजत घालायचं, हा घरचा नियमच पडला.

तुम्ही म्हणाल, दुसरं कुणी नव्हतं का? होतं ना! शेजारचे सावळाराम तात्या, एके काळचे पैलवान. म्हणाले, ‘ज्ञानदेवराव, तुमी उतरा. म्या धरतो.’ त्यांनी दांडी धरली आणि पडद्यावर जे दळण सुरू झालं... ससा नाही, कोल्हा नाही, नुसतं पीठ! पोरं ओरडली, ‘तात्या सोडा, आबांना द्या!’ तात्यांचं तोंड उतरलं. ‘म्हंजे? आमच्यात काय करंट कमी हाय का?’ दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग दांडीला ॲल्युमिनियमची परात बांधली, तर एकाची दोन-दोन अस्वलं दिसायला लागली. बुद्धघोषनं बारामतीहून बूस्टर आणला. त्यानं एवढाच फरक पडला की आधी मला एका हातानं धरावं लागायचं, आता दोन्ही हातांनी!

पण ते मला सोसत होतं, खरं सांगतो. पोरं हसतात, हसू देत. माझं दुखणं वेगळंच आहे. चौथ्या की पाचव्या रविवारी मी खाली उतरलो, तर रंगुबाई तोंडात पदर कोंबून बसलेली. मला बघितलं आणि पदर निसटला. ‘अगं बाई बाई... तुमीच! आगदी तुमीच!’

‘काय मीच?’

‘त्यो झबरूबाबा!’

बाईनं संसारात एवढ्या वर्षांत माझ्याकडं बघून असं कधी हसलेलं नाही. मी विचारलं, कशात सारखा? तर सावळारामांच्या शकुबाई म्हणाल्या, ‘नाकात, आबा, नाकात!’ तात्या म्हणाले, ‘नाक न्हाय गं, चाल बघ चाल!’ बुद्धघोष म्हणाला, ‘पोट थोडंसं...’ आणि माझ्याकडं बघून गप्प बसला. मेघना म्हणाली, ‘आबा, त्यो बोलतो ना, तसा. त्यो “चला” म्हणंस्तवर ससा पुढं जाऊन परत येतो.’ आता ह्यातलं खरं काय धरायचं? नाक, चाल, पोट का बोलणं? आरशात बघून काही कळतं का? आरशात मी दिसतो, अस्वल कुठं दिसतं?

एकदा आरसाही करून बघितला. दाढीचा आरसा अंगणातल्या शेवग्याच्या फांदीला बांधला, असा तिरका, म्हणजे खिडकीतून टीव्ही आरशात आणि आरसा माझ्या डोळ्यात. सगळं जुळलं. कार्टून लागलं, मी मान न हलवता डोळे तेवढे खाली केले, आणि दिसलं काय? शकुबाईंचा अंबाडा! अर्धा तास अंबाडा! मधे एकदा त्या वाकल्या, काळं काहीतरी दिसलं, माझा जीव वर-खाली झाला... तेवढ्यात सूर्य आरशात आला आणि मी आंधळा झालो. खालून... ‘हलू नका, आबा!’

आणि गंमत बघा. मी वर उभा, तोंड रानाकडं. ऊसतोड होऊन गेलेली, फड मोकळा झालेला. एका रविवारी तिथून कोल्हा निघाला. खरा! तांबूस, झुपकेदार शेपटी, उन्हात उभा राहून माझ्याकडं बघतोय. मी बंदी विसरलो आणि ओरडलो, ‘पोरांनो, कोल्हा आलाय, कोल्हा!’ खालून काय उत्तर यावं? ‘हितं पण कोल्हाच आलाय, आबा! हलू नका!’ कोल्हा माझ्याकडं बघत राहिला, मी कोल्ह्याकडं. दोघांपैकी कुणीच हललं नाही. त्याला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

असे पंचवीस रविवार गेले. पंचविसाव्याला मी उतरलो तर मेघना शिडीपाशी उभी. गप्प. ती गप्प म्हणजे घरात कुणीतरी आजारी.

‘काय झालं गं?’

‘आबा, पुढच्या रविवारी शेवटचं हाय. झबरूबाबा खोकत हुता. घुबड मास्तर म्हणालं, म्हातारा आता लांब चालायचा न्हाय.’ आणि मग खाली बघून, ‘आबा... मरंल का त्यो?’

कार्टूनचं अस्वल हो! कुणीतरी कागदावर काढलेलं! पण सगळी वस्ती म्हणते ते माझ्यासारखं आहे, आणि ते आता चाललंय, आणि मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही! आठवडाभर भाकरी गोड लागली नाही. माणूस आपल्या माणसाला शेवटचं बघायला जातो का नाही? तसं झालं मला. इंदापूरला माझी धाकटी बहीण कुशाबाई, तिच्याकडं रंगीत टीव्ही आहे आणि तिचा अँटेना आपला आपण उभा राहतो. मी मनात ठरवलं. चोरून जायचं.

रविवारी सकाळी रंगुबाईला म्हटलं, फाट्यावर जाऊन येतो. खोटं बोललो. पोतं मात्र भिजवून ठेवलं, सावळाराम तात्यांचं जमलं तर जमलं म्हणून. आठची एसटी आली, मी चढलो, खिडकीशी बसलो, घंटी वाजली, गाडी हलली... आणि मागून कालवा! बघतो तर वीस पोरं धुरळा उडवत पळतायत. ‘आबा चालले! आबा चालले! गाडी धरा!’ ड्रायव्हर घाबरला, त्याला वाटलं कुणी चाकाखाली आलं. करकचून ब्रेक.

कंडक्टर म्हणाला, ‘काय भानगड हाय?’

पोरं म्हणाली, ‘आमच्या आबांना उतरवा, त्यांच्याबिगर टीव्ही दिसत न्हाय!’

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मग नीट बघितलं. मग तिकिटांची पेटी काखेत धरून वाकून बघितलं. ‘आयला... आबा, तुमी त्या कार्टूनमधल्या झबरूबाबासारखं दिसता की वो! गेल्या रविवारी सुट्टी हुती, पोरांसंगं बघितलं म्या!’ झालं! सगळी गाडी उठून उभी. एक बाई म्हणाली, ‘व्हय बया, नाक तर बघा!’ मागून एकजण म्हणाला, ‘नाकापेक्षा भुवया!’ भुवया नवीनच निघाल्या! अहो, गाडीभर अनोळखी माणसं, त्यांनीसुद्धा पाहिलंय! कंडक्टरसुद्धा! राहिलं कोण? मी!

मी रडायच्या बेताला आलो. म्हटलं, ‘कंडक्टर, मला जाऊ दे. मला एकदा बघू दे त्याला. आज शेवटचं हाय.’ आणि मेघना खिडकीखाली आली, हात वर करून माझं बोट धरलं, आणि म्हणाली, ‘जावा, आबा. तुमी बघून या. आमी न्हाय बघितलं तरी चालंल. फकस्त संध्याकाळी मला सांगा... त्यो मेला का.’

आता सांगा. ओढलं असतं तर मी उतरलो नसतो. शिव्या दिल्या असत्या तरी नसतो उतरलो. पण हिनं ‘जावा’ म्हटलं! ‘जावा’ म्हटल्यावर माणूस कसा जाईल?

उतरलो. फाट्यापासून वस्ती दोन मैल, घरी पोचेपर्यंत नऊला पाच कमी झाले. पोरांनी मला पळवतच आणलं, शिडीवर जवळजवळ टाकलं. पोतं, दांडी, दोन्ही हात. ‘आलं का?’ ‘आलं! हलू नका, आबा!’

तो अर्धा तास... खाली चिडीचूप. पंचवीस रविवार हसणारी वस्ती, आज एक खाकरत नाही. मग पाण्याचा आवाज. मोठी नदी असावी. मग लाकूड मोडल्यासारखं कडाकड. आणि एकदम वीस पोरं, शकुबाई, तात्या, आमची रंगुबाईसुद्धा... ‘सोडू नगं, झबरूबाबा! सोडू नगं!’ काय धरलं होतं त्यानं, मला काय माहीत? मी आपली माझी दांडी आणखी घट्ट धरली. वारा सुटला, दांडी वाकायला लागली, हाताला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, बसू दे... ‘सोडू नगं!’ नाही सोडत! मरू दे, नाही सोडत! मग वाजंत्री. मग शांत. मग धुण्याच्या साबणाची जाहिरात.

‘काय झालं?’ मी विचारलं. ‘अरे, वाचला का? कुणीतरी बोला!’

शिडी वाजली. मेघना वर येत होती, एका हातानं, सावकाश. डोळे लाल. म्हणाली, ‘वाचला. झाडाचा वंडका धरून ठिवला त्यानं पाठीवर, नदीवर आडवा. त्येच्यावरनं सगळी पलीकडं गेली. त्योच एकटा अलीकडं ऱ्हायला. नदी नुसती गढूळ हुती, प्यायचं पाणी पलीकडं हुतं, आबा, पण त्याला काय मिळालं न्हाय.’

‘मग?’

‘मग सगळी परत आली त्याच्याकडं. पानांत पाणी घिऊन.’

आणि तिच्या दुसऱ्या हातात तांब्या होता.

पाणी प्यायलो. एकेक करून सगळी पोरं वर आली, पहिल्यांदाच, सव्वीस रविवारांत पहिल्यांदा कुणी वर आलं. आणि नेमका तेव्हाच फडातून तो कोल्हा निघाला. मी नुसतं बोट दाखवलं. पोरांनी बघितलं, आणि एकजण केवढ्यानं तरी ओरडलं, ‘आरं, हा तर तांबडा हाय! टीव्हीतला तर पांढरा हुता!’

तर तुम्हाला सांगतो, मी समाधानानं खाली उतरलो. म्हटलं, नाही पाहिलं अस्वल, नाही तर नाही. संपलं एकदाचं. तेवढ्यात दारात रंगुबाई, तोंडात पदर. ‘अवो, टीव्हीतली बाई आत्ता म्हणाली, लोकांच्या आग्रहावरनं पुढच्या रविवारपासनं हे परत लावणार हायेत. पहिल्यापासनं!’

माझा आनंद काय सांगू! म्हटलं, ‘मग ह्या टायमाला मी बघणार. कुणी काय बी म्हणा. खाली बसून, पुढं बसून, झबरूबाबा डोळं भरून बघणार!’

‘बघा की,’ रंगुबाई म्हणाली, ‘कोण न्हाय म्हणतंय? आधी वर जाऊन तेवढं चित्र आणा... मग खाली येऊन बघा!’

आज शनिवार. पोतं भिजत घातलंय.