पहिलं लाल अंडं

(बल्गेरियातलं काझानलाक गाव. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, सकाळ. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याबाहेरचा बाक. बिस्त्राचे डोळे सुजून मिटलेले. शेजारी तिची सासू नेदका.)

बिस्त्रा : ...हात लावू नका म्हटलं ना, आई!

नेदका : नाही लावत गं. रुमाल सरकला होता, तेवढा सारला.

बिस्त्रा : कशी दिसतेय मी? खरं सांगा.

नेदका : बरी दिसतेस.

बिस्त्रा : खोटं बोललात की तुमचा आवाज बारीक होतो. फोड वाढलेत?

नेदका : एक-दोन. डोळ्यापाशी. उघडतोय का गं डोळा?

बिस्त्रा : उजवा जरासा. डावा नाहीच. आई, मला फार भीती वाटतेय. आंधळी झाले तर?

नेदका : भलतं बोलू नये आजच्या दिवशी. देवाचं नाव घे.

बिस्त्रा : मंगळवारी चेहऱ्यावर लेझर करून घेतला. काल आरशात पाहिलं तर नाकावरची लाली निम्मी उतरलेली, डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा. म्हटलं, आता जाऊ दे मला बालवाडीत शिकवायला, बघते कोण म्हणतं बाई पिऊन येते!

नेदका : जीभ झडो त्यांची. थेंबाला शिवत नाहीस तू.

बिस्त्रा : पण लाल नाक बघून मुलांच्या आयांनी सह्यांचा अर्ज दिलाय ना, हिला काढा म्हणून. सुट्टी संपली की मुख्याध्यापिका बोलावणार. आणि आता हे तोंड घेऊन जाऊ?

डॉक्टर : बिस्त्रा, आत या. आजी, धरा तिला. इथं बसवा. मान मागे... अरे देवा!

बिस्त्रा : अरे देवा काय? तुमच्याच यंत्रानं भाजलंय मला!

डॉक्टर : यंत्रानं भाजलं असतं तर मंगळवारीच फोड आले असते. कधी सुरू झालं हे?

बिस्त्रा : आज पहाटे. झोपेची गोळी घेऊन झोपले होते. तोंडावर निखारा ठेवावा तशी जाग आली. किंचाळलेच.

डॉक्टर : साधं पाणी आणि माझं मलम, बाकी काही नाही, असं बजावलं होतं. क्रीम लावलंत? पावडर? गुलाबपाणी? गुलाबांच्या या गावात घरोघरी बाटली असते.

बिस्त्रा : शपथेवर सांगते, काही नाही.

डॉक्टर : आजी, तुम्ही काही पाहिलंत?

नेदका : मी? मी कशाला पाहू? मी स्वयंपाकघरात होते. ईस्टरची अंडी रंगवत होते.

डॉक्टर : मग एकच उरतं. लेझरनंतर क्वचित नागीण उठते. डोळ्याच्या इतक्या जवळ असेल तर वेळ घालवायचा नाही. प्लोव्दिवच्या मोठ्या रुग्णालयात पाठवते. तिथं पोचेपर्यंत चेहरा कोरडा ठेवायचा, पाण्याचा थेंब लावायचा नाही.

बिस्त्रा : डोळा वाचेल ना?

डॉक्टर : खोटा धीर देत नाही. बुबुळापर्यंत गेली असेल तर सांगता येत नाही.

बिस्त्रा : आई, ऐकलंत?

नेदका : डॉक्टरीणबाई... पाणी का नको? म्हणजे, समजा, नागीण नसेल. समजा, दुसरंच काही लागलं असेल. मग?

डॉक्टर : जळजळीत काही लागलं असेल तर आत्ताच्या आत्ता धुवायला हवं. जितका उशीर, तितकं खोल जाणार. पण ती तर म्हणते...

नेदका : धुवा! आधी धुवा तिला! मी लावलं.

डॉक्टर : काय लावलंत?

नेदका : अंडं. पहिलं लाल अंडं, रंगातनं नुकतंच काढलेलं, ओलं. गालावर, कपाळावर फिरवलं. डोळ्यांवरूनही गेलं असेल.

डॉक्टर : रंगात व्हिनेगर होतं?

नेदका : व्हिनेगरशिवाय रंग धरतो होय?

डॉक्टर : लेझरनं सोललेल्या कातडीवर व्हिनेगर! बिस्त्रा, मान इकडे. धुतेय. झोंबेल, हलू नका. आणि रंग कुठं गेला, आजी? मला दिसला कसा नाही?

नेदका : ती किंचाळली तशी मी दारामागं लपले. मग ओलं फडकं आणून पुसलं. तिला वाटलं, गार करतेय.

बिस्त्रा : मी तुमचे आभार मानले तेव्हा. आणि तुम्ही तासभर त्या बाकावर माझ्या शेजारी बसून हे लपवलंत!

नेदका : भ्याले गं.

बिस्त्रा : माझ्या डोळ्यांसाठी नाही भ्यालात?

नेदका : त्यासाठीही भ्याले. पण... माझ्या प्लामेननं तुला सोडलं, जर्मनीत दुसरी केली. पोटच्या पोरानं मला विचारलं नाही, तू ठेवून घेतलंस. हे कळल्यावर तू मला कशी ठेवणार?

बिस्त्रा : पण मला का लावलंत? मी काय लेकरू आहे?

नेदका : लेकरूच नाही ना यंदा घरात. नातीला, आपल्या यानित्साला, बापानं नेलं सणाला. पहिल्या अंड्याचा रंग कुणाच्या तरी गालाला लागायला हवा, नाहीतर वर्षभर घरात दुखणं. तू झोपली होतीस. म्हटलं, हिच्यासाठी कोण मागतं देवाकडं? म्हटलं, गोरी हो, लाल हो...

बिस्त्रा : लाल! अहो, वर्षभर मी ही लाली घालवायला धडपडतेय, आणि तुम्ही देवाकडे लालीच मागितलीत!

नेदका : साठ वर्षं तेच शब्द तोंडात बसलेत गं. अर्थाकडं कोण बघतं?

डॉक्टर : दोघी गप्प बसा. डावा डोळा उघडतेय. किती बोटं?

बिस्त्रा : दिसत नाही... थांबा. धूसर आहे. दोन?

डॉक्टर : दोन. बुबुळ स्वच्छ दिसतंय. तरी आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, चिठ्ठी देते. गालांवर डाग राहतील का, ते आज सांगता येणार नाही.

बिस्त्रा : आणि बालवाडी?

डॉक्टर : नाकावरची लाली हा त्वचेचा आजार आहे, दारूचा काही संबंध नाही, असं लिहून देते. आधीच मागायचंत ना.

नेदका : मी आजच बहिणीकडं जाते. दुपारची बस आहे. तुला तोंड दाखवायची नाही मी. अंडी झाकून ठेवलीत, तेवढी...

बिस्त्रा : आई.

नेदका : काय गं?

बिस्त्रा : मला पायऱ्या दिसत नाहीयेत. हात धरा, आणि हळू चला.