प्रवासातला वाढदिवस

सिर्पा : दार उघड, तुओमो! प्रवासाला गेलेल्या माणसाच्या सौनातून, वाफेच्या न्हाणीघरातून, धूर निघतोय, अख्ख्या गावाला दिसतोय.

तुओमो : ओरडू नकोस, ताई. ये आत, चटकन.

सिर्पा : पेपरात काय छापून आणलंस? ‘पन्नासाव्या वाढदिवशी प्रवासात.’ आणि इथे पडदे ओढून बसलायस!

तुओमो : प्रवासात म्हणजे कुणी येऊ नका. कळतं सगळ्यांना.

सिर्पा : सौना तरी पेटवायचा नव्हतास.

तुओमो : पन्नाशी काय पारोसाच साजरी करू?

सिर्पा : माझ्या पन्नाशीला दिवसभर घर उघडं होतं. कोण आलं, कोण गेलं, कॉफी पुरली नाही.

तुओमो : तुझी रोपवाटिका चालते. माझा कारखाना वसंतात बुडाला. जे खिडक्या बनवायचे त्यांनाच घरी बसवलं मी. तेच दारात येणार, हात हातात घेणार आणि म्हणणार, ‘सुख लाभो, यश लाभो!’ कुठल्या तोंडानं ऐकू?

सिर्पा : यश म्हणजे तुला काय वाटतं रे? माझ्याकडच्या प्रत्येक सफरचंदाच्या रोपाला चिठ्ठी असते, ‘इथवरच्या थंडीत यशस्वी’. शहरातली माणसं विचारतात, म्हणजे किती फळं? मी सांगते, फळांचं माहीत नाही, हिवाळा काढेल. यशाला आपला ‘मेनेस्तुस’ शब्द, तो आलाच मुळी ‘जाणं’वरून. पुढे जात राहणं, निभणं. बाकी सगळं नंतर चिकटलं.

तुओमो : गेलाच की कारखाना.

सिर्पा : चेष्टा पुरे.

तुओमो : झाडाला कुणाचे पगार द्यायचे नसतात, ताई. ते एकटंच निभतं. माझ्यामागे माणसं होती.

सिर्पा : हं. तेही खरंच म्हणा.

(दार वाजतं.)

तुओमो : मी नाहीये!

सिर्पा : राइमो आहे. हातात पाण्याची बादली आहे.

तुओमो : राइमो? ताई, नको. वीस वर्षं काच बसवली त्यानं माझ्याकडे. उघडू नकोस...

राइमो : उघडंच आहे. घरात कुणी नाही, मग धूर कसला, म्हणून आलो. वाटलं आग लागली.

तुओमो : नाही लागली.

राइमो : दिसतंय. बरं, पन्नास झालास. हात दे. सुख लाभो.

तुओमो : आणि?

राइमो : यशाचं मी म्हणणार नाही. अजून राग आहे माझा.

सिर्पा : राइमो, आजच्या दिवशी...

तुओमो : बोलू दे त्याला.

राइमो : एका सकाळी कुलूप लावलंस आणि चिठ्ठी डकवलीस. समोर उभा राहिला नाहीस. कारखाने बुडतात, तुओमो. पण तू दिसलाच नाहीस.

तुओमो : धीर झाला नाही.

राइमो : कारखान्यातले सगळे माझ्याकडे जमलेत. तू प्रवासात, म्हणून तुझ्याशिवाय कॉफी घेतायत. त्यांतली पिर्क्को तर रागानं येणारच नव्हती, शेवटी केक तिनंच केला.

तुओमो : माझ्यासाठी? राइमो, माझ्याकडे बोलायला काही नाही रे.

राइमो : आमच्याकडे आहे. आधी ते ऐकायचं, मग केक.

तुओमो : थांब. बूट घालतो.