बोनेटवरची सही

माझं गाव चाळीसगावकडचं, गिरणेच्या काठाचं, आणि शाळा अर्धवट सोडणारा गावातला पहिला माणूस मी, असं सांगायला मला आवडलं असतं, पण तेवढाही पहिला नंबर माझा आला नाही, माझ्या आधी चौघांनी सोडलेली होती. नववीत गणितानं मला सोडलं का मी गणिताला, ते जाऊ द्या भाऊ. आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, धरून धुळ्याला आणलं आणि हायवेवरच्या एका गॅरेजात उभं केलं, उस्तादांना म्हणाले, ह्याला काहीतरी ठोकायला द्या, घरी हा भावाला ठोकतो. तेव्हापासून मी डेंटर. डेंटर म्हणजे दाताचा डॉक्टर नाही बरं का, माझ्या सोयरिकीच्या वेळी सासरच्यांचा तसाच गैरसमज झाला होता आणि तो मी लग्न लागेपर्यंत दूर केला नाही. डेंटर म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारा. आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी, ठक ठक ठक, चाळीस वर्षं झाली आता, बायको म्हणते तुम्ही झोपेतसुद्धा माझी पाठ ठोकता.

आता जीपचं सांगतो. आबांनी ती सरकारी लिलावात घेतली होती, मी सात-आठ वर्षांचा असेन. कोणत्या तरी खात्याची मोडीत काढलेली जीप. गावात चारचाकी म्हणाल तर तेवढीच. कापूस तिच्यातून गेला, केळीचे घड गेले, बाळंतिणी गेल्या, नवरदेव गेले, आमदाराचा माणूस एकदा बसला होता तर आबांनी ती सीट आठ दिवस झाडली नाही. पुढच्या सीटवर मोठी माणसं. माय मागं. नेहमी मागं, घडांमधे, टोपल्यांमधे, दुसऱ्याच्या लेकराला मांडीवर घेऊन. एकदा मी विचारलं, माय, तू पुढं का बसत नाही, तर म्हणाली, पुढे मानसे बसतस. आणि मी काय बैल आहे का, असं मी मनात म्हटलं, कारण मीही तिच्याबरोबर मागंच असायचो.

आबा गेले, जीप खळ्यात लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. धाकटा भाऊ गावातच, शेती तो बघतो, माय त्याच्याजवळ. संजू त्याचं नाव. तीनेक वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो तर जीपमधे कोंबड्या, स्टिअरिंगवर कोंबडा, ऐटीत, आबांसारखा. संजू म्हणाला, दादा, तू लई जाय हाई गाडी, आठे कोंबड्या बसतस तिनामा. आणि माय ओट्यावर कापसाच्या वाती वळत होती, तिनं मान वर न करता म्हटलं, नीट करशी व्हई तं माले एकदाव पुढे बसनं शे. बस. ऐंशीच्या पुढची बाई, आयुष्यात काही मागितलं नाही, साडी दिली तर म्हणते सुनेला द्या, आणि मागितलं तर हे. मी म्हटलं, तुला पुढं बसवून तुझ्या माहेरी नेतो, अमळनेरला. सगळ्यांसमोर म्हटलं. माझ्यात हाच दोष आहे, मी बोलतो आधी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून धुळ्याला, देवपूरला आणली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं अंगण, अंगणात तुळस, दोरीवर कपडे. बॉडी चेसीसवरून उतरवली आणि अंगण संपलं. मडगार्ड दोरीला टांगले, साड्या छपरावर गेल्या, सीटचा सांगाडा टीव्हीसमोर. रविवारी आणि कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत मी घासतोय. वरचा हिरवा रंग आबांनी मारलेला, त्याखाली निळा, तोही आबांचाच, त्याखाली सरकारी करडा, मी एकेक थर खरवडतोय आणि बायको दारातून म्हणते, हळदीला मला इतकं कोणी घासलं नव्हतं. तळाचा पत्रा तर चाळणी झालेला, वरून पाणी ओतलं तर खाली तुळशीला मिळायचं. तो सगळा कापला, नवा पत्रा जोडला. डाव्या मडगार्डला एक खड्डा होता, आबांनी बैलगाडीच्या जुवावर घातली होती तेव्हाचा. तो काढायला मला तीन रविवार लागले. नवा मडगार्ड मिळाला असता. पण काय सांगू तुम्हाला, आबांनी पाडलेला खड्डा आपण आपल्या हातानं काढावा, ह्याची एक वेगळीच मजा असते, बाप जिवंत असताना कुठं त्यांच्या चुका काढायला मिळाल्या.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. पत्रा ठोकून सरळ करायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण खड्ड्यात पुट्टी भरतात, वर घासतात, वर रंग. नव्या गाडीसारखी दिसते. दोन पावसाळ्यांनी फुगते. म्हणून माझ्या खिशात कायम एक लोहचुंबक असतो, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला. कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला की मला घेऊन जातो, मी चुंबक फिरवतो. पत्रा असला तर टच्चकन चिकटतो, पुट्टी असली तर घसरून पडतो. धुळ्यात कित्येकांना मी वाचवलंय. लोक म्हणतात, नानाला फसवणं अवघड. मीही म्हणायचो. ह्या जीपला मी ठरवलं होतं, पुट्टीचा एक चमचासुद्धा लावायचा नाही. नाही लावला. बोनेटपासून मागच्या फळीपर्यंत कुठंही चुंबक टेकवा, टच्च.

तर अशात एक दिवस संजू आला. मी बोनेटला लाल ऑक्साइड, म्हणजे गंज धरू नये म्हणून रंगाआधीचा हात, मारून बसलेलो, हात लालभडक. त्याच्या हातात कागद, स्टॅम्पपेपर. गाडी अजून आबांच्याच नावावर, तर वारसांची हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणाला, दादा, आठे सही कर, गाडी तुना नाववर करी टाकूत, तू इतली मेहनत करी ऱ्हायना. मला भरून आलं. बायको म्हणाली, चष्मा देऊ का. मी म्हटलं, कशाला. आपल्याकडं सख्ख्या भावानं आणलेला कागद वाचून सही करायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं, ते मी कधी केलं नाही, शेताच्या वाटणीतही नाही. बोनेट वाळलेलं होतं, त्यावरच कागद ठेवला आणि सही केली, माझ्या अजून ओल्या लाल बोटाचा ठसा उठला कोपऱ्यात, तर संजू हसला, म्हणाला, आंगठाबी दिधा का. दोघं हसलो. बायकोनं त्याला भरीत-भाकरी वाढली. तो दोनदा मागून जेवला, हे मला राहून राहून आठवतं. दोनदा मागून.

मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. जीप तोवर तयार, रंग आबांचा तोच हिरवा, इंजीन एका मित्रानं चालू करून दिलेलं, खोकायचं पण चालायचं. संजू म्हणाला, पोरीची पाठवणी आबांच्या गाडीतून करू. मी स्वतः चालवत नेली धुळ्याहून, रस्त्यानं सायकलवाले मला मागं टाकत होते, मी त्यांना हात करत होतो. नवरा-नवरी पुढं बसली. साहजिक आहे. माय मागंही नव्हती, ती ओट्यावर पदर डोळ्याला लावून. मी जाता जाता म्हटलं, माय, पुढच्या रविवारी तुझा नंबर. आणि गाडी तिथंच ठेवून एसटीनं परत आलो, म्हटलं रविवारी यायचंच आहे.

रविवारी फोन केला तर संजू म्हणाला जावयाकडं आहे. पुढच्या रविवारी म्हणाला बॅटरी उतरली. त्याच्या पुढच्या रविवारी फोन उचलला नाही. मी काय समजलो? बॅटरी उतरली असं समजलो. नवी बॅटरी घेऊन पिशवीत घालून गावाला निघालो, चाळीसगाव रस्त्यानं, आणि एसटी एका नवीन हॉटेलपाशी चहाला थांबली.

हॉटेलच्या दारात माझी जीप.

सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर. चाकं अधांतरी. रंग लाल, टोमॅटोसारखा. बोनेट उघडं आणि इंजिनाच्या जागी झेंडूच्या कुंड्या. बाया लेकरांना त्यात बसवून फोटो काढताहेत. मी हातात बॅटरी घेऊन उभा, आता ती कुठं लावू? जवळ गेलो आणि बोनेटवर हात ठेवला तर वॉचमन ओरडला, ओ काका, हात नका लावू, रंग खराब होतो, लांबून काढा फोटो. चाळीस वर्षांत मला पत्र्याला हात लावू नको म्हणणारा तो पहिला माणूस.

तेवढ्यात आतून कोण आलं तर संजूचा जावई, गळ्यात ओळखपत्र, मॅनेजर. त्यानं भर गर्दीत वाकून माझ्या पायांना हात लावला. झालं. माझ्या तोंडात ज्या काय शिव्या तयार होत्या त्या सगळ्या गिळल्या, जावई माणूस, नुकतं लग्न, आपल्या पोरीला तिथं नांदायचंय. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं मला सगळं माहीत आहे. म्हणाला, मोठे सासरे, तुम्ही सहमती दिली म्हणून झालं हे, मालकांना दारात जुनी जीप हवीच होती, मामांनी, म्हणजे आमच्या संजूनं, ती दिली आणि मालकांनी मला इथं लावून घेतलं. वर म्हणाला, गाडी मामांच्या नावावर करायच्या कागदावर तुमची सही पाहिली मी, लाल ठशाची. मग चहा मागवला. आपल्यात पोरीकडचं फुकट खात नाहीत, म्हणून मी पैसे काढले. तर माझ्याच जीपसमोर, मी चहा विकत घेऊन प्यालो, आणि चहा चांगला होता हे सांगायलाही मला लाज वाटते.

निघताना वॉचमनची पाठ फिरली तसा चुंबक काढला. डाव्या मडगार्डला, आबांच्या खड्ड्याच्या जागी, आतल्या बाजूनं लावला. टच्च. तो काढायला हात गेला आणि मी तसाच मागं घेतला. राहू दिला तिथंच.

गावाला जाऊन संजूशी भांडलो म्हणता? भांडलो ना. तो एवढंच म्हणाला, गाडी तू नीट करी दादा, पन पोरनं घर मी नीट करं. मी म्हटलं, मला विचारायचं होतंस, मी हो म्हटलं असतं. आणि खरं सांगू, मी हो म्हटलं असतं का, मलाही माहीत नाही, पण विचारायचं होतं ना रे. मग मायकडं पाहिलं तर ती वाती वळतेय. म्हणाली, त्या कागदवर मीबी आंगठा दिन्हा. माले म्हाईत व्हतं. तुम्ही दोन्ही मनाच लेकरे, मी कोनलं सांगू? तिथं मात्र बॅटरीची पिशवी मी ओट्यावरच टेकवली भाऊ. संजूचं एक वेळ पचलं असतं. चुंबक खिशात घेऊन फिरणारा माणूस मी, आणि आपल्याच ओट्यावर मला कुठं काही घसरताना दिसलं नाही.

त्यानंतर गेलो नाही. फोनही मायलाच, तेही रविवारी. संजूशी बोलत नाही, वर्ष होत आलं.

मागच्या महिन्यात मोबाइलवर फोटो आला, संजूनंच पाठवलेला, खाली काही लिहिलेलं नाही. हॉटेलच्या दारातली जीप आणि जीपमधे माय. मागं नाही. पुढं. आणि पुढं तरी कुठं, स्टिअरिंगवर, आबांच्या जागी, दोन्ही हातांनी चाक धरून, डोक्यावरचा पदर नीट, तोंड असं की आता समोरचा ट्रक बाजूला झाला नाही तर हॉर्न देईल. मी बघत राहिलो. बायकोनं फोटो मोठा करून पाहिला, म्हणाली, सासूबाईंना लाल रंग शोभतो.

संध्याकाळी मायला फोन लावला. म्हटलं, बसलीस का पुढं. म्हणाली, बसनू. चाक फिरस नई पन. मग म्हणाली, मडगार्डखाले हात घालीसन दखं, तुना चुंबक शे तठेच, पक्का शे. तिला मी सांगितलेलं होतं कुठं लावलाय ते. मी म्हटलं, राहू दे. वर म्हणाली, संजू बठेल शे आठेच, बोल त्यानासंगे.

मी म्हटलं, माय, आवाज कटी ऱ्हायना.

आवाज चांगला येत होता. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्या शेजारी बसलेल्याचाही.