लाईट गेल्यावरची वरात

माझ्या जुन्या लॅपटॉपचा किस्सा तुम्हाला सांगायचाच राहिला. स्क्रीन फुटलेला, बटणं मेलेली, बॅटरी तेवढी ठणठणीत. म्या त्यात विंडोज काढून हलकं लिनक्स टाकलं, गाणी भरली, चार्जिंगचा स्पीकर जोडला आणि बैठकीच्या माळ्यावर ठेवून दिला. चालू-बंद सगळं मोबाईलवरून, घरच्या वायफायवर. अप्पा म्हणले, "भंगारात घालायचं सोडून हे काय धंदे?"

ताईला बघायला येडशीचे पाव्हणे आले. म्या ऐटीत बासरी लावली. तेवढ्यात लाईट गेली. लाईटीसंगं वायफाय गेलं, लॅपटॉप काय गेला न्हाय. बासरी संपली आणि दोस्ताच्या लग्नासाठी भरलेली वरातीची गाणी दणक्यात सुरू झाली. मी मोबाईल दाबतोय, काहीच होईना. माळ्यावर चढावं तर शिडी शेजाऱ्याकडं.

अप्पा दातओठ खात म्हणले, "बंद पडलेलं चालू केलंस ना? आता चालू हाय ते बंद करून दाव."

मुलाच्या आजोबांनी पोह्याची ताटली खाली ठेवली. "आवो पाव्हणं, आमी आजून हो म्हणलो न्हाय, तुमी तर वरातच काढली."

आतून ताईचा आवाज आला, "म्या तरी कुठं म्हणलंय आजून?"