चरबीचा तिसरा थर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टर मॅडम, त्यांचे यजमान आणि समोर बसलेले सहकारी व वराहपालक बंधुभगिनींनो,

मी या केंद्रातला कसाई. हातात माईक धरायची सवय नाही, सांभाळून घ्या.

मॅडमनी बारा वर्षं खपून डुकरांच्या वाढीचा तक्ता केला. आधी हाड वाढतं, मग मांस भरतं, शेवटी खाल्लेल्याची बहुतेक चरबीच होते. ती कधी सुरू होते, हे त्या जिवंत जनावराच्या पाठीवर यंत्र टेकवून, चरबीची जाडी मोजून ठरवत. तक्ता म्हणायचा, एकशे वीस किलोपर्यंत मांसच चढतं. तुम्ही त्याच भरवशावर खाऊ घालत होतात, नाही का?

त्या तक्त्याचं छापील पुस्तक निघायला आठ दिवस होते. नव्या नियमानुसार यंत्राचा आकडा पहिल्यांदाच चिठ्ठीवर लिहून धडाला बांधला होता. तो वाचला, स्वतः पट्टी लावली आणि चक्रावलोच. मॅडमना बोलावलं.

"मॅडम, चिठ्ठीवर अठरा मिलिमीटर आहे. माझ्या पट्टीवर एकतीस येतंय."

त्यांनी स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. चरबीच्या दोन थरांखाली तिसरा होता, आणि यंत्र दुसऱ्यापाशीच थांबत होतं.

"मोठ्या जनावरांत हा थर नेहमी असतो?"

"नेहमी. वीस वर्षं बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, मॅडम."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. मला वाटलं, नोकरी गेली. पण त्यांनी फोन उचलला आणि पुस्तक थांबवलं.

चौथ्या दिवशी याच सभागृहात, तुमच्यासमोर, त्या म्हणाल्या, "तक्ता चुकलाय. चूक माझी आहे." मागून एक आजोबा उठले. "बाई, आम्ही इतकी वर्षं चरबीच पोसली?" मॅडम म्हणाल्या, "हो."

सबब नाही, यंत्राला बोल नाही. खरं सांगतो, त्या 'हो'चा धक्का मला अजून पचलेला नाही. एवढा मोठा माणूस असं बोलतो?

पुढची दोन वर्षं त्या रोज सकाळी माझ्या टेबलापाशी पट्टी घेऊन उभ्या राहिल्या. चौदाशे धडं मोजली. नवा तक्ता म्हणतो, मांस नव्वद किलोपर्यंतच चढतं, आणि त्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव आहे. मी नको म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "आता तरी न विचारता बोलत जा."

म्हणून बोललो. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. शब्द कुठे वेडावाकडा पडला असेल तर पोटात घाला.