बल्बातून आलेली लाईन

मी मूळचा हसनाबादचा. वडील लोकाच्या शेतात राबले, मला म्हणले तू सावलीतलं काम शिक, मंग मी जालन्यात एका उस्तादाच्या हाताखाली रेडिओ-टीव्हीचं काम शिकलो आन् बदनापूरला टेशनाच्या रस्त्यावर दुकान टाकलं. उस्ताद लय कडक. त्यांची एकच शिकवण, बेटा, पहले बल्ब, बाद में सेट. म्हंजे सेट सरळ भिंतीच्या लाईनला लावायचाच न्हाई, आधी बोर्डावरच्या मोठ्या बल्बातून लाईन घ्यायची आन् मंग सेटाला द्यायची. आत शॉर्ट असला का बल्ब भपकन पेटतो, सेट वाचतो. काय सांगू तुम्हाला, त्या बल्बानं किती सेट वाचवले माझे.

आता टीव्ही कोण दुरुस्त करतंय? दुकान बंद केलं, तो बल्बाचा बोर्ड घरी आणला.

आमची सुजाता शिकली, तिला पुण्याच्या एका कंपनीच्या नोकरीची परीक्षा आली. घरी बसूनच द्यायची, पण कॉम्प्युटरवर, कॅमेरा चालू ठेवून, मोबाईल चालत न्हाई, आन् मधी मशीन बंद पडली का बाद. पोरगी जीव तोडून अभ्यास करून राह्यली होती. मी जालन्याहून जुना कॉम्प्युटर आणला, माझ्या हातानं टेबल लावलं, पिन आपल्या बोर्डात घातली. नाजूक वस्तू, जळायला नको.

मशीन चालू झाली. पोरीनं कॅमेरा लावला, सराव सुरू केला, का फट् बंद. परत लावली, परत बंद. तिचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हणलो थांब, पॉवर सप्लायचं काम दिसतंय. तो डबा बाहेर काढला, सुटाच चालू करून पाहावा म्हणून त्याची हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला. व्होल्ट मोजायचं मीटर लावलं. पिवळीवर बारा, लालवर पाच. बिलकुल बराबर! परत मशीनमधी बसवला, तर बंद. मंग चालू मशीनलाच मीटर लावून बसलो. बारा, बारा, पोरीनं कॅमेरा लावला का अकरा, साडेदहा, गेलं. रिकामा असताना बराबर, कामाला जुंपला का मान टाकतो, हे कसं? जल्दी जाऊन नवा सप्लाय आणला. तो बी तसाच! आता दोन्ही डबे कसे खराब निघतील? मीटरच बिघडलं का म्हणून मोटरसायकलच्या बॅटरीला लावून पाह्यलं, तर ते बी चांगलं. माझं डोकंच चालंना, आन् परीक्षा दुसऱ्या दिवशी.

तेवढ्यात सुजाताची आई चहा घेऊन आली, म्हणते, अहो, भर दुपारी दिवा कामून लावून राह्यले? मी खेकसलो, कुठं दिवा, तू जा इथून. मंग वर पाह्यलं, तर बोर्डावरचा बल्ब पिवळाजर्द. मीटरचा आकडा खाली आला का बल्ब पेटायचा. सुजातानं माझ्याकडं पाह्यलं, उठली, बोर्डातली पिन उपसली आन् सरळ भिंतीत घातली. मी वरडलो, अगं जळंल ते! तिनं कॅमेरा लावला. मीटर बारावर. बाराच. हालंना. मंग मी जुना सप्लाय परत बसवून पाह्यला, तो बी बाराच. म्हंजे बल्बच तिच्या मशीनची लाईन खाऊन राह्यला होता, आन् तो लावला कोणी, मी. पोरगी हसली, आन् हसता हसता रडायलाच लागली. मला लाज वाटली, राग बी आला, पण कोणावर आला ते कळंना.

परीक्षा झाली, पास झाली. आता ती पुण्याला, होस्टेलवर राहते. मला मात्र अजून समजत न्हाई बघा, ज्या बल्बानं जन्मभर सेट वाचवले, त्यानं असं कामून करावं? मी काळजीच घेत होतो ना?

ती निघाली त्या दिवशी मी गुपचूप तो बोर्ड कपड्यात गुंडाळून तिच्या बॅगेत घातला. परगाव हाय, तिथली लाईन कशी, कोणाला माहीत. टेशनावर जायच्या आधी सुजाताच्या आईनं बॅग उघडली, बोर्ड काढून माझ्या हातात दिला. गाडी हालली तव्हा तो माझ्या काखेतच होता. पोरीनं खिडकीतून पाह्यलं आन् हात हलवला. जिथं असंल तिथं सुखात राहो. चला, जयभीम.