मरेपर्यंत खुर्ची

अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी उरकून बसलेल्या बसड्रायव्हरला मतं विचारत फिरणाऱ्या मुलीनं गाठलं. नर्सबाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

“काका, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मुदत असावी का?”

“आत्ता किती आहे?”

“काहीच नाही. मरेपर्यंत खुर्ची.”

“मरेपर्यंत? आम्हाला दर वर्षी अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं करतात!”

“पण त्यांचा अनुभव दांडगा असतो ना.”

“मग मी काय तीस वर्षं गोट्या खेळलो? माझ्या गाडीत चाळीस माणसं, त्यांच्या गाडीत अख्खा देश!”

“चिडू नका. ‘हो’च्या चौकोनात खूण करा.”

“तूच कर. मला चौकोन दिसत नाही.”

“अहो, मग गाडी कशी चालवता?”

“आजपासून नाही. तक्ता तोंडपाठ होता, घडाघडा म्हटला असता. पण मीच डॉक्टरांना म्हटलं, नापास लिहा. त्या न्यायाधीशांतला एक तरी असं म्हणेल?”